विक्षिप्त कोण?

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठी घरांत ‘विक्षिप्त’ हा शब्द फार सहजपणे उच्चारला जातो. स्वतःशीच पुटपुटणारा, नको त्या वस्तू गोळा करून घर भरणारा, लग्नकार्यात सर्वांपासून दूर कोपऱ्यात बसणारा, चारचौघांत भलताच प्रश्न विचारणारा असा कोणी आढळला की त्याच्यावर हा शिक्का बसतो. शिक्का एकदा बसला म्हणजे त्या मनुष्याचे म्हणणे पुढे कोणी नीट ऐकत नाही. त्याने शहाणपणाचे चार शब्द सांगितले तरी ते हसण्यावारी जातात.

योगशास्त्रात हाच शब्द निराळ्या अर्थाने आला आहे. पातंजल योगसूत्रांतील पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना व्यासांनी चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. रजोगुणाने सतत भिरभिरणारे चित्त ते क्षिप्त; तमोगुणाने जड झालेले ते मूढ; आणि एरवी चंचल, पण मधूनमधून क्षणभर स्थिरावणारे ते विक्षिप्त. पूजेला बसल्यावर दोन घटका चित्त देवाशी राहते आणि तिसऱ्या घटकेला दुकानाच्या हिशेबाकडे धावते. ही या तिसऱ्या भूमीची खूण होय. म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत विक्षिप्त हे नाव गावातील एखाद्या निराळ्या मनुष्याचे नसून बहुतेक सर्व संसारी जनांचे आहे. ज्याला गाव विक्षिप्त म्हणते त्याचे चित्त कदाचित एकाच वस्तूवर वर्षानुवर्षे खिळलेले असेल. तसे असेल तर शास्त्रदृष्ट्या तो चौथ्या भूमीच्या अधिक जवळचा आणि हसणारे तिसऱ्या भूमीवरचे ठरतात.

यावरून प्रत्येक लहरी मनुष्य योगी असतो असा निष्कर्ष काढावयाचा नाही. मनुष्याची पारख बाहेरून करणे किती कठीण आहे, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे. ही पारख होत नसताना त्याच्याशी कसे वागावे, हा गृहस्थाच्या दृष्टीने खरा प्रश्न होय. प्रस्तुत पाठात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

चंदिगढची हकीगत

चंदिगढ हे शहर फाळणीनंतर, पंजाबची नवी राजधानी म्हणून, आखून बांधले गेले. ल कॉर्बूझिए या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती. उत्तरेस शिवालिकच्या पायथ्याशी विधानभवन, सचिवालय व उच्च न्यायालय. मध्ये निवासाचे सेक्टर. आणि पूर्वेकडच्या अंगाला रेल्वेमार्गानजीक इंडस्ट्रियल एरिया. या इंडस्ट्रियल एरियात आजही कारखाने, गोदामे व दुरुस्तीची दुकाने दाटीने उभी आहेत. जेथे माल तयार होतो तेथे भंगारही तयार होते, हा सर्वच औद्योगिक वसाहतींचा नियम आहे. वाकडा निघालेला भाग, फुटलेली फरशी, गंजलेला पत्रा, निकामी सॉकेट यांना आराखड्यात जागा नसते. ती कोठेतरी नेऊन टाकावी लागतात.

समाजाचाही एक आराखडा असतो आणि त्यातूनही काही माणसे अशीच बाजूला पडतात. या दोन्ही प्रकारच्या टाकलेल्या वस्तूंची गाठ चंदिगढात पडली. ती घडवून आणणारा मनुष्य म्हणजे नेकचंद सैनी.

नेकचंद यांचा जन्म 1924 साली शकरगढ तालुक्यातील एका खेड्यात झाला. फाळणीत तो प्रदेश पाकिस्तानात गेला आणि 1947 साली त्यांच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. 1951 मध्ये ते चंदिगढच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक म्हणून नोकरीस लागले. नवे शहर उभे राहत असताना त्या जागेवरची जुनी खेडी पाडली जात होती. त्या घरांच्या ढिगाऱ्यांतून, शहराच्या कचऱ्यातून आणि नद्यानाल्यांच्या पात्रांतून नेकचंद वस्तू वेचू लागले. ज्या दगडांत त्यांना मनुष्याचा, पक्ष्याचा वा पशूचा आकार दिसे ते दगड, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडक्या सायकलींचे सांगाडे, डांबराची रिकामी पिंपे, विजेचे निकामी सामान हे सर्व ते सायकलवर लादून सुखना तलावाजवळील एका राखीव झाडीत नेऊन ठेवीत.

सुमारे 1957 पासून त्या झाडीत त्यांनी एक राज्य वसविण्यास आरंभ केला. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, असा क्रम होता. उजेडासाठी जुने टायर जाळीत. राजे, राण्या, नर्तकी, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, माकडे, मोर अशा मूर्तींच्या रांगाच्या रांगा अंगणाअंगणांतून उभ्या राहिल्या. त्या राखीव जागेत काहीही बांधण्यास मनाई होती. त्यातून, शहरात वा उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, असे ज्या शहराच्या घोषणापत्रात सांगितले होते, त्याच शहराच्या कुशीत हे सारे गुपचूप चालले होते. एक साधा रस्ता निरीक्षक सुमारे 18 वर्षे रात्रीच्या रात्री कचऱ्याच्या बाहुल्या घडवीत बसतो, हे शेजाऱ्यांच्या कानी पडले असते तर त्यांनी त्याला कोणते नाव दिले असते, हे वेगळे सांगावयास नको.

नियम आणि माणूस

1975 च्या सुमारास हे काम उघडकीस आले तेव्हा ते सुमारे 12 एकरांवर पसरले होते. नियमाकडे पाहिले तर निकाल सोपा होता. सरकारी जमिनीवर परवानगीवाचून बांधकाम केले होते आणि करणारा सरकारी नोकरच होता. तेव्हा सर्व पाडून टाकावे आणि त्या मनुष्याला शिक्षा करावी, एवढेच उरत होते. असे म्हणणारे लोकही होते.

तथापि काही माणसांनी निकाल देण्यापूर्वी पाहण्याचे कष्ट घेतले. शहराचे मुख्य वास्तुशास्त्रज्ञ एम. एन. शर्मा यांना ही रचना आधीच दाखविण्यात आली होती. नगररचनेचे रक्षण हेच ज्यांचे काम, त्यांनी ती पाहून तक्रार नोंदविली नाही. वनस्पती व कला यांचे जाणकार प्रशासक डॉ. महेंद्रसिंग रंधावा यांनीही या कामाची बाजू उचलून धरली. अखेर 1976 साली प्रशासनाने ती जागा ‘रॉक गार्डन’ या नावाने जनतेस खुली केली. नेकचंदना त्याच कामावर नेमण्यात आले आणि मदतीस 50 मजूर देण्यात आले. 1983 साली या बागेचे टपाल तिकीट निघाले आणि 1984 साली नेकचंद ‘पद्मश्री’ झाले.

तरीही प्रश्न कायमचा सुटला नव्हता. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी बागेचा भाग पाडण्याकरिता यंत्रे आली. त्या वेळी शहरातील सामान्य नागरिक हातात हात गुंफून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि यंत्रांना परतावे लागले.

या हकीगतीत नियमाला तुच्छ लेखलेले नाही. नियम कशासाठी केला आहे, एवढे पाहिले गेले आहे. राखीव झाडीचा नियम भूमीचे रक्षण व्हावे म्हणून होता. नेकचंदनी ती भूमी विकली नव्हती, तिच्यावर स्वतःचे घर बांधले नव्हते, कोणाला उपद्रव दिला नव्हता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (3.20) ‘लोकसंग्रह’ हा शब्द आला आहे. लोकांना आडमार्गापासून परावृत्त करून धर्माच्या मार्गावर राखणे असा त्याचा अर्थ आचार्यांनी केला आहे. राखणे म्हटले की टाकून देण्याची क्रिया आपोआप मागे पडते. जो अधिकारी काठावरच्या एका मनुष्याला समुदायात जागा करून देतो, तोही आपल्या परीने लोकसंग्रहच करीत असतो.

पालखीला धक्का का बसला?

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताची कथा आहे. पूर्वजन्मी राजा असलेला भरत एका हरिणाच्या पाडसाच्या आसक्तीने योगभ्रष्ट झाला. पुढे ब्राह्मणकुळात जन्म मिळाल्यावर पुन्हा कोणाची संगत जडू नये म्हणून तो जड, बहिरा व वेडा असल्याप्रमाणे वागू लागला. भावांनी त्याला शिकविण्याची आशा सोडली, जाडेभरडे अन्न दिले आणि शेत राखण्यास बसविले. घरातल्या घरात मनुष्य कसा टाकला जातो, याचे ते जुने चित्र आहे.

पुढे सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण कपिलमुनींच्या भेटीस पालखीतून निघाला. वाटेत एक भोई कमी पडला. धष्टपुष्ट भरत दिसताच त्याला धरून आणून पालखीस लावले. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून भरत पुढची भूमी न्याहाळून पाऊल टाकी. इतर भोयांच्या चालीशी त्याची चाल जुळेना आणि पालखी हिंदकळू लागली. राजाने कारण विचारले. दोष नव्या भोयाचा आहे असे कळताच त्याने टोमणा मारला : बिचारा फार थकलेला दिसतो, एकट्यानेच लांबवर पालखी वाहिली असावी, अंगानेही कृश आणि वयाने वृद्ध आहे! पुढे राजाने प्रत्यक्ष दरडाविले तेव्हा भरत शांतपणे बोलला. ते तत्त्वज्ञान ऐकून राजा पालखीतून उतरला आणि त्याच्या पायांवर डोके ठेवून त्याने क्षमा मागितली.

या कथेतील तत्त्वज्ञान प्रसिद्ध आहे. परंतु गृहस्थाने त्या धक्क्यापाशी थोडे थांबावे. राजाला धक्का कळला, धक्क्याचे कारण कळले नाही. पालखीत बसलेल्याला जमिनीवरची मुंगी दिसत नाही. भरताची वाकडी चाल ज्या करुणेतून निघाली होती ती राजाच्या जागेवरून दिसणे अशक्यच होते. घरातील एखादा मनुष्य आपल्या चालीने चालत नाही, त्यामुळे संसाराच्या पालखीला हिसके बसतात, हे खरे असते. पण तो काय चुकविण्यासाठी पाऊल बाजूला टाकतो, याची चौकशी फार क्वचित केली जाते. रहूगणाचा मोठेपणा असा की, कळल्यावर तो खाली उतरला.

गीतेत अर्जुनानेही बाहेरची लक्षणे विचारली होती. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, असा त्याचा प्रश्न होता (2.54). भगवंतांनी दिलेल्या उत्तरात वेष, आसन वा चाल यांचे वर्णन नाही. कामनांचा त्याग, दुःखात उद्वेग नसणे, सुखात लालसा नसणे, इंद्रिये आवरणे ही सर्व आतली लक्षणे आहेत. म्हणजे चालीवरून मनुष्य ओळखण्याचा मार्ग गीतेनेच बंद केला आहे.

ज्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही नाही

येथे एक शंका उपस्थित होते. नेकचंदना शहराने स्वीकारले, कारण त्यांची बाग सुंदर निघाली. रहूगण नमला, कारण भरताच्या मुखातून ज्ञान प्रकट झाले. ज्याच्या विक्षिप्तपणातून बागही निघत नाही आणि ज्ञानही निघत नाही, त्याचे काय? फळ पाहून केलेला स्वीकार हा एक प्रकारचा व्यवहारच नव्हे काय?

ही शंका योग्य आहे. आणि तिचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एका गावाची आठवण होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गुंडम राऊळ नावाचे सत्पुरुष होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना गोविंदप्रभू म्हणून अवतार मानतो आणि श्रीचक्रधरांचे ते गुरू होत. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा ‘ऋद्धिपूरचरित्र’ या गद्य ग्रंथात संकलित केल्या आहेत. त्यांतून दिसणारी त्यांची वागणूक कोणत्याही चौकटीत बसणारी नाही. ते मुलांशी खेळत, वाटेल त्याच्या घरात शिरून अन्न खात, स्वतःशी बोलत, कारणावाचून हसत आणि क्षणात रागावत. उच्चनीचतेचा विधिनिषेध त्यांनी पाळला नाही. त्यांनी ग्रंथ रचला नाही, मठ बांधला नाही. गावातील बायाबापड्या त्यांना उघडपणे वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने मायबापही म्हणत.

रिद्धपूरच्या लोकांचा हा दुहेरी उद्गार विचार करण्याजोगा आहे. त्यांनी त्या पुरुषाचे वेड नाकारले नाही. ते लपविले नाही किंवा काढून टाकण्याचाही खटाटोप केला नाही. वेडेपणा दिसत असतानाच त्यांनी त्याला आपले म्हटले. भक्तांना तो ईश्वर होता. पण भक्त नसलेल्या घरांतही त्याच्यासाठी दार उघडे राहत असे.

गीतेतील समदृष्टीचा आधारही असाच फलनिरपेक्ष आहे. पाचव्या अध्यायात (5.18) विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला मनुष्य या सर्वांच्या ठायी ज्ञानी सम पाहतो, असे सांगितले आहे. त्या यादीत गाय दूध देते म्हणून वर आणि कुत्रा भुंकतो म्हणून खाली, असा हिशेब नाही. ज्ञानेश्वरांनी भक्ताच्या लक्षणांचा विस्तार करताना पृथ्वीचा दृष्टांत दिला आहे. ती उत्तमाला धरून ठेवते आणि अधमाला टाकते असे कधी होत नाही. कोणाचे ओझे फळाचे आणि कोणाचे निष्फळ, हे भूमी विचारीत नाही.

चार भावना आणि एक पाचवी

हे तत्त्व आचरणात कसे उतरवावे, याची युक्ति पतंजलींनी पहिल्या पादात (1.33) सांगितली आहे. सुखी जनांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्याविषयी उपेक्षा, या चार भावनांनी चित्त प्रसन्न होते. या सूत्राचा उपयोग विक्षिप्त मनुष्याच्या बाबतीत पुढीलप्रमाणे करता येईल.

प्रथम पाहावे की हा मनुष्य आपल्या छंदात सुखी आहे काय? असेल तर त्याच्याशी मैत्री करावी. त्याला सुधारण्याची घाई नको. प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे चालतात, तेथे निग्रह काय करणार, असा प्रश्न भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात (3.33) विचारला आहे. दुसरे, तो दुःखी आहे काय? एकटेपणाने, अपमानाने वा आजाराने पोळलेला आहे काय? असेल तर करुणा हवी, आणि करुणा म्हणजे हातपाय हलविणे होय. तिसरे, त्याच्या वागण्यात काही चांगले आहे काय? कबुतरांना दाणे घालणारा, रस्त्यावरचे खिळे वेचणारा, मुलांना गोष्टी सांगणारा असेल तर त्या चांगल्याचा मोकळेपणी आनंद मानावा. चौथे, त्याच्यात काही दोष आहेत काय? असतील तर ते उगाळू नयेत.

समाजात मात्र या चारांऐवजी एकच भावना सर्रास वापरली जाते. मनुष्य सुखी असो, दुःखी असो, पुण्यवान असो की दोषी असो, चौघांच्याही वाट्याला उपहासच येतो. पतंजलींच्या सूत्रात या पाचव्या भावनेला स्थान नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात (17.15) वाणीचे तप सांगताना उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे असा क्रम आला आहे. उपहास कित्येकदा सत्य असतो, हसणाऱ्यांना प्रियही असतो. परंतु ज्याच्यावर तो होतो त्याला उद्वेग देतो आणि हित कोणाचेच करीत नाही. रहूगणाचा टोमणा असाच होता.

पतंजलींनी या भावनांचे फळ चित्तप्रसादन असे सांगितले आहे, ही गोष्टही लक्षात ठेवावी. हे फळ भावना करणाऱ्याला मिळते. तेव्हा विक्षिप्त मनुष्याला सामावून घेणे हा त्याच्यावर केलेला उपकार नसून ती स्वतःचीच साधना आहे.

उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत.

पहिला गैरसमज ‘उपेक्षा’ या शब्दाचा. व्यवहारात उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. योगसूत्रातील उपेक्षा म्हणजे दोषाविषयी राग वा द्वेष न धरता तटस्थ राहणे. दोषाची उपेक्षा करावयाची आहे, माणसाची नव्हे. मनोविकाराने ग्रासलेल्या आप्ताला ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून उपचारावाचून ठेवणे ही समदृष्टी नसून निष्ठुरता होय. आजार ओळखणे हे वैद्याचे काम आहे. झोप उडणे, भास होणे, अन्न सोडणे, जिवावर उदार होणे ही चिन्हे दिसताच त्याच्याकडे जाणे हे कुटुंबाचे काम आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा रुग्णाचा उपचाराचा आणि सन्मानाने जगण्याचा अधिकार मान्य केला आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून त्यांच्यावर उपचार करते व त्यांना त्यांच्या घरी पोहोचविते. कर्जत येथे तिचे केंद्र आहे आणि या कार्याबद्दल डॉ. वाटवानींना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या माणसाला वेडा म्हणून लोक वळसा घालतात त्याचेही कोठेतरी घर असते आणि तेथे त्याची वाट पाहणारे कोणी असते, हे या कार्याने पुनःपुन्हा दाखविले आहे. त्याला गाडीत बसविणारा हात आणि घरी परत घेणारा हात, दोन्ही करुणेचेच आहेत.

दुसरा गैरसमज मर्यादेविषयीचा. सर्व काही चालू द्यावे, असे गीता म्हणत नाही. बाराव्या अध्यायात (12.15) भगवंतांना प्रिय असलेल्या भक्ताचे वर्णन दोन्ही बाजूंनी केले आहे : ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही. पहिला अर्धा भाग विक्षिप्त मनुष्यालाही लागू आहे. तो कोणाला मारीत असेल, स्त्रियांना वा मुलांना त्रास देत असेल, तर त्याला आवरलेच पाहिजे. आवरताना मनात तिरस्कार नसावा, एवढेच बंधन. दुसरा अर्धा भाग मात्र शेजाऱ्यांना लागू आहे. कोणाचे कपडे, कोणाचे बोलणे, कोणाची सवय एवढ्यानेच ज्यांना उद्वेग होतो त्यांनी उपाय स्वतःच्या चित्तावर करावा.

गृहस्थाचा अभ्यास

सहाव्या अध्यायात (6.32) जो स्वतःच्या उपमेने सर्वत्र सुखदुःख सम पाहतो तो श्रेष्ठ योगी, असे म्हटले आहे. या श्लोकाचा अभ्यास घरच्या घरी करता येतो.

प्रत्येक घराण्यात, वाड्यात वा वसाहतीत एखादा तरी मनुष्य असा असतो की ज्याचे नाव निघताच लोक एकमेकांकडे पाहून हसतात. साधकाने त्या मनुष्याची निवड करावी. आठवडाभर त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी गमतीने काही बोलू नये, गीतेने दैवी संपत्तीत ‘अपैशुन’ गणले आहे (16.2) त्याचा हा पहिला धडा होय. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याजवळ बसून त्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे. तिसऱ्या आठवड्यात त्याला त्याच्या शक्तीप्रमाणे एखादे खरे काम सांगावे आणि केल्यावर इतरांना सांगतो तसेच ‘बरे झाले’ म्हणावे. सणावाराला त्याचे पान शेवटी, एकटे, ओसरीवर न मांडता पंक्तीत मांडावे. मुले हे सर्व पाहत असतात. घरातल्या एका मनुष्याला कसे वागविले जाते यावरून मुलांना कळते की, उद्या आपण वेगळे निघालो तर या घरात आपल्याला जागा राहील की नाही.

अभ्यास दृढ होण्यास तो दीर्घकाळ, अखंड आणि आदराने करावा लागतो, असे पतंजली सांगतात (1.14). समाजालाही हेच लागू आहे. नेकचंद 12 जून 2015 रोजी निवर्तले. त्यानंतर 2025 च्या आरंभी उच्च न्यायालयाकडील रस्त्यासाठी त्यांच्या बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला आणि नागरिकांना पुन्हा निषेधासाठी उभे राहावे लागले. एका मनुष्याला एकदा स्वीकारले, त्याला मानपत्र दिले, एवढ्याने काम संपत नाही. निराळ्या मनुष्याची जागा दर पिढीला नव्याने राखावी लागते.

चंदिगढच्या कारखान्यांतून आजही भंगार निघते आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला फुटक्या बांगड्यांच्या अंगाच्या राण्या उभ्या आहेत. तुकडा टाकाऊ आहे की राणीच्या अंगावरचा शेला आहे, हे तुकडा हाती घेतलेल्या क्षणी कळत नाही. म्हणून तो टाकू नये, एवढाच या पाठाचा बोध.

मननार्थ प्रश्न

1. योगभाष्यातील ‘विक्षिप्त’ आणि व्यवहारातील ‘विक्षिप्त’ यांत कोणता भेद आहे? स्वतःचे चित्त पाचांपैकी कोणत्या भूमीवर अधिक काळ असते?

2. रहूगणाला पालखीचा धक्का कळला, पण कारण कळले नाही. आपल्या कुटुंबात असा कोणता धक्का आहे की ज्याचे कारण अद्याप विचारलेले नाही?

3. गीता 12.15 मधील दोन अर्धांपैकी कोणता पाळणे स्वतःला अधिक कठीण जाते?